तिसऱ्या पायरीचे मार्क

मी दोनच मार्क दिले. दहापैकी दोन, आणि तेसुद्धा कोच वेळेवर आला म्हणून.

"काकू, तीन तरी द्या ना," शर्वरी म्हणाली. "पहिलीच मॅच आहे बेचाऱ्याची."

"बेचारा कसला! दोन गोल खाल्ले, दोन्ही डाव्या बाजूने. डाव्या बाजूला कोण? माझा रजत. डिफेन्सच्या पोराला हा माणूस वर चढवतो, मागे सगळं मैदान मोकळं सोडतो, आणि मी तीन मार्क देऊ? सदावर्त उघडलंय का मी इथे?"

आणि फळ्यावर खडूने ठसठशीत दोन काढला.

आता हा फळा कसला आणि मी कोण, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कोण एवढी फणकाऱ्याची. मी प्रमोदिनी बुळे. इंदूरला मरीमाता चौकाजवळच्या गल्लीत माझी आटाचक्की आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. दिवसभर मोटारीच्या घरघरीवर बोलायचं म्हणजे आवाज आपोआप तयार होतो. नवरा देवेंद्र बँकेतून रिटायर झालाय. तो म्हणतो, तू फोन लावूच नकोस, खिडकीत उभी राहून बोल, पार सांवेर गावापर्यंत ऐकू जाईल. रजत आमचा एकुलता एक, बावीस वर्षांचा.

पोलोग्राउंडच्या कारखान्यांमागे एक मैदान आहे, तिथे आमचा 'मालवा मित्र' क्लब खेळतो. मिलच्या जमान्यात मराठी कारकुनांनी काढलेला. आता निम्मी पोरं घरी हिंदी बोलतात, गोलकीपर तर केरळचा आहे, पण जर्सीवर नाव तेच. माझे वडील ह्या क्लबचे गोलकीपर होते. मैदानाच्या एका अंगाला सिमेंटच्या पाच पायऱ्या आहेत. पहिलीवर बॉल येऊन लागतो, पाचवीवर ऊन लागतं, म्हणून आम्ही तिसरीवर बसतो.

आम्ही म्हणजे चौघं. बाबूराव काका क्लबचे अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, त्यांच्या मते खरा फुटबॉल एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली संपला. आशिषचं नमकीनचं दुकान आहे, दर रविवारी सेवेचं पाकीट घेऊन येतो आणि निम्मं स्वतःच खातो. शर्वरी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती प्रत्येक मॅच मोबाइलवर शूट करते आणि कोण किती पळालं त्याचे आकडे काढते. आणि चौथी मी.

गेटजवळचा फळा माझ्या वडिलांनी ठोकलेला. वर मथळा 'कोच', आणि खाली दर मॅचनंतर तिसऱ्या पायरीवरच्या चौघांनी दिलेले मार्क. सीझनच्या शेवटी सरासरी काढायची. पाच किंवा वर असली तर कोच कायम. पाचच्या खाली गेली तर शेवटच्या मॅचनंतर त्याच्या गळ्यात हार घालायचा, हातात नारळ द्यायचा आणि राम राम म्हणायचं. कमिटी आमच्या शब्दाबाहेर जात नाही, कारण कमिटी म्हणजे बाबूराव काकाच. आणि वडिलांचा एक नियम होता: एकदा लिहिलेला मार्क पुसायचा नाही. तो मी कडक पाळते. चक्कीवर तोललं की तोललं. मागच्या साली आशिषला तिनाचे पाच करायचे होते, तेव्हा मी त्याचं मनगट धरलं होतं. अजून म्हणतो, थंडीत दुखतं.

ह्या सालचा कोच श्रीहरी चौगुले. मूळचा कोल्हापूरचा, इथल्या एका कॉलेजात शिकवायला आलेला, चौतीसचा असेल. तिकडे पेठेच्या संघातून खेळायचा, मग गुडघा गेला आणि खेळ सुटला. माणूस सज्जन, पण बोलणं इतकं हळू की समोरच्याने कान पुढे करावा. इंदूरला हळू बोलणाऱ्यावर कोणी लवकर भरवसा ठेवत नाही. शिवाय संघाचा बाक पायऱ्यांच्या अगदी समोर, मैदानाच्या पलीकडे. तिथे उभा राहून हा हातवारे करायचा. काय सांगतोय ते आम्हाला काही कळायचं नाही.

पहिल्या मॅचनंतरच्या सोमवारी तो चक्कीवर आला, ज्वारीचा डबा घेऊन. आमच्या गल्लीत सगळे गहू आणतात. ज्वारी एकटा हाच आणतो, भाकरीशिवाय त्याचं जमत नाही.

"ताई, दोन मार्क मिळाले," तो हसत म्हणाला.

"मिळाले. रजतला मागे ठेव, पुढच्या वेळी तीन मिळतील."

"त्याचंच बोलायचं होतं. म्हणजे कसं होतंय बघा, पायरीवरनं..."

मला कारणं ऐकायची सवय नाही. मी बटण दाबलं, मोटार सुरू झाली. त्याचे ओठ थोडा वेळ हलले, मग त्याने मान डोलावली आणि पीठ घेऊन गेला.

त्यानंतरची मॅच मानपूरशी. मानपूरची पोरं म्हणजे हायवेवर वाढलेली, ट्रकची चाकं बदलून दंड कमावलेले. तीन-एक हरलो. त्यातले दोन गोल पुन्हा डाव्या बाजूने. मी सारा वेळ उभी होते. घरी येऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या तेव्हा कुठे आवाज फुटला.

"कोच को कुछ समझ नहीं है भिया," आशिष सेव चावत म्हणाला. "पोरं इकडे पळतात, हा तिकडे हात दाखवतो."

"आमच्या वेळी कोच शिट्टी न वाजवता नुसता खोकला तरी संघ थांबायचा," बाबूराव काका म्हणाले.

"काका, त्यांना दमा होता," मी म्हटलं.

"असेल. पण संघ थांबायचा."

आमची मतं अशी. शर्वरीचं म्हणणं वेगळंच. ती म्हणे, आपली पोरं ह्या साली दीडपट पळतायत, पास जास्त जोडतायत, कोचचं काम दिसतंय. मी म्हटलं, बाई गं, पळायचं तर मॅरेथॉनला जा म्हणावं. आणि तिने दिलेल्या सहाच्या शेजारी माझे दोन काढले.

जानेवारी गेला. आठ मॅच झाल्या, त्यात एक जिंकलो, तीन बरोबरीत. खालचे दोन संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जाणार, आणि आम्ही अगदी काठावर. शेवटची मॅच सांवेरशी, तिथे निदान बरोबरी हवी. फळ्यावर कोचची सरासरी तीनच्या जरा वर. शर्वरीने मोबाइलवर आकडेमोड केली आणि म्हणाली, "चौघांनी दहा-दहा दिले तरी चारवर पण नाही जात. श्रीहरी सर तो गए."

"गेला तर गेला," मी म्हटलं.

पण बाबूराव काका ऐन वेळी ढिले पडले. पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "प्रमोदिनी, पोरगा वाईट नाही गं. पोरं त्याला मानतात. ह्या साली सरासरीचं जरा बाजूला ठेवलं तर?"

माझं डोकंच फिरलं. "काका, माझ्या वडिलांचा नियम तुम्ही बाजूला ठेवणार? कुणासाठी? जो माझ्या पोराला दर मॅचला तोंडघशी पाडतो त्याच्यासाठी? थांबा, पुरावाच दाखवते तुम्हाला."

शर्वरीला सांगितलं, सीझनभरात डाव्या बाजूने जेवढे गोल खाल्ले तेवढे सगळे काढ, एकाला एक जोड आणि गुरुवारी संध्याकाळी घरी ये. काकांना आणि आशिषलाही बोलावलं. देवेंद्र कोपऱ्यात मटार सोलत बसला होता. शर्वरीने मोबाइल टीव्हीला जोडला. एकूण अकरा गोल.

पहिला गोल. रजत आपल्या जागी अगदी नीट उभा. बॉल आपल्या पोरांकडे. आणि टीव्हीतून आवाज आला, "रजत! चढ रे! चढ, चढ, चढ! उभा काय राहिलास खांबासारखा!"

रजतने पायऱ्यांकडे पाहिलं आणि सुटला. पुढे बॉल हरवला, समोरच्यांनी तो रजतच्या मोकळ्या जागेत टाकला आणि गोल.

"कोण ही बाई?" मी विचारलं. "हिला कोणी गप्प नाही का करत?"

देवेंद्रच्या हातातली शेंग तशीच राहिली होती आणि त्याचे खांदे हलत होते.

दुसरा गोल. "रजत! चढ!" तिसरा गोल. "अरे चढ ना रे, घाबरतोस कशाला!" चौथ्याला 'रजत' म्हणायच्या आधी जो श्वास ओढलेला ऐकू आला, तो मी ओळखला. असा श्वास मी मोटार चालू असताना ओढते.

"आवाज कमी कर," मी म्हटलं.

"काकू, कमीच आहे," शर्वरी म्हणाली.

अकराच्या अकरा गोलांत मी होते. एकटीच नव्हते, खोटं कशाला बोलू. दोन ठिकाणी बाबूराव काका "लांब मार!" ओरडले होते आणि पोरांनी पायातला बॉल लांब मारून घालवला होता. आशिष तर कुणीही, कुठूनही, "ठोक दे भिया!" आणि शर्वरी मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "मी तर चुप बसते, शूटिंग असतं ना." तेवढ्यात टीव्हीतून तिचाच आवाज, "ऑफसाइड!" आपले तिन्ही डिफेंडर हात वर करून उभे, समोरचा एकटा पुढे गेला आणि गोल. रेफरीने शिट्टी वाजवलीच नव्हती. शर्वरीने ओढणीत तोंड लपवलं.

"आता पलीकडे बघ," देवेंद्र म्हणाला. "बाकाजवळ."

शर्वरीने चित्र मोठं केलं. पलीकडे श्रीहरी उभा होता, दोन्ही तळवे खाली दाबत. मागे, मागे. मी म्हटलं, दुसरा गोल लाव. तिथेही तेच. अकराही वेळा तो माणूस तळवे खाली दाबत होता, आणि अकराही वेळा माझा मुलगा माझ्याकडे बघून पुढे पळत होता.

"चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय," देवेंद्र म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे. मला वाटलं तुलाही माहीत असेल, आणि तुला मजा येत असेल."

तेवढ्यात रजत प्रॅक्टिसवरून आला. टीव्हीकडे एकदा पाहिलं, आमच्या चौघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि गुपचूप पाणी प्यायला आत गेला.

"रजत, इकडे ये," मी म्हटलं. "कोच मागे थांब सांगतो, मी पुढे जा सांगते. मग तू माझं का ऐकतोस?"

"आई, यार," तो म्हणाला, "तुझं नाही ऐकलं तर मॅच संपल्यावर राहायचं कुठे?"

सगळे हसले. मीही हसले, पण मला लाज वाटत होती. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. एका माणसाला मी दोन महिने दोन-दोन मार्क देत होते, चारचौघांत, खडूने, आणि ते सगळे माझे होते.

शनिवारी श्रीहरी ज्वारी घेऊन आला. मी डबा घेतला, पण बटणाला हात लावला नाही.

"लाइट गेली का ताई?"

"लाइट आहे. तू बोल."

"काय बोलू?"

"पहिल्या सोमवारी जे बोलत होतास ते. पायरीवरनं, इथपर्यंत आला होतास."

तो स्टुलावर बसला. "ते आता कळलंय की तुम्हाला. शर्वरीने सांगितलं."

"मग नंतर का नाही बोललास? चिठ्ठी लिहायचीस, बाबूराव काकांना सांगायचंस. मी दर आठवड्याला तुझी ज्वारी दळते आणि दर रविवारी तुला दोन मार्क देते, आणि तू हसत डबा घेऊन जातोस! माणूस आहेस का कोण आहेस?"

"सांगणार होतो, ताई. दुसऱ्या मॅचनंतर काकांकडे निघालो पण होतो. रजतने अडवलं."

"रजतने?"

"म्हणाला, सर, आईला गप्प बसवू नका. ती सहा दिवस पिठात उभी असते, आणि तिचा रविवार तेवढा हाच. मी बघतो, म्हणाला, दोन्हीकडचं सांभाळतो."

मी ज्वारीच्या डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. पोरगं काही बोलत नाही, बोलत नाही म्हणून मी आठवड्यातून चार वेळा त्याच्यावर खेकसते.

"तुला हा संघ हवाय का?" मी विचारलं. "खरं सांग."

"हवाय की. लई हवाय." त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "हा गेला तेव्हापासून माझं म्हणावं असं काही नव्हतं. कॉलेजात शिकवतो, खोलीवर येतो. ही पोरं माझं ऐकत नाहीत, तरी माझीच वाटतात. पण आता काय, फळ्यावर लिहिलेलं पुसत नाहीत ना तुमच्यात."

"नाही पुसत," मी म्हटलं, आणि मोटार सुरू केली. ह्या वेळी मला काही सुचत नव्हतं म्हणून.

रात्रभर विचार केला म्हणायचं तर तसं नाही, मी पडल्या पडल्या झोपते. पण सकाळी उठले तेव्हा एक गोष्ट पक्की होती. ह्या एका मॅचला तरी त्या माणसाचा संघ त्याच्या हातात द्यायचा. मग बरोबरी झाली तर त्याची, हरला तर तेही त्याचंच.

रविवारी सांवेरची मंडळी तीन ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून आली, ढोल घेऊन. आम्ही तिसऱ्या पायरीवर तयारीनिशी बसलो. आशिषने सेवेऐवजी तिळगुळाची गजक आणली होती, एक मोठा तुकडा तोंडात घातला की दात चिकटून बसतात. काकांना कवळीमुळे गजक चालत नाही, त्यांनी खडीसाखर धरली. शर्वरीने ओढणी तोंडावरून दोनदा गुंडाळली. मला माझी खात्री नव्हती. गजक मी फोडून ओरडले असते. म्हणून बाटलीत मिठाचं पाणी भरून नेलं. लोक नुसतं म्हणतात, अमक्याने मिठाची गुळणी धरली. मी खरोखरच धरली. साधं पाणी असतं तर गिळून टाकलं असतं.

शिट्टी वाजली. पहिली दहा मिनिटं आमची पोरं बावरलेली. बॉल मिळाला की पायऱ्यांकडे बघायची. पायऱ्या गप्प. रजतने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग वरच्या पायरीवर बसलेल्या बापाकडे पाहिलं. आई आजारी आहे का, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. देवेंद्रने त्याला खेळ, खेळ अशी खूण केली.

आणि मग ढोल जरा थांबला तेव्हा मैदानाच्या पलीकडून एक आवाज आला. हळूच, पण स्पष्ट. "रजत, जागा धर. सावकाश." श्रीहरीचा आवाज इकडे येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं. येतच होता तो आधीपासून, आमच्या खाली दबलेला.

पोरं सावरली. सांवेरवाले अंगाने मोठे, धडाधड येत होते, पण डावी बाजू बंद होती. एकदा त्यांचा फटका बारला लागून परत आला, तेव्हा माझ्या तोंडातली सगळी गुळणी उडाली आणि शेजारी बसलेल्या काकांची टोपी भिजली. काकांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि खडीसाखर गालात फिरवली. मी दुसरा घोट भरला. आशिषच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, गजकेने की मॅचने ते त्यालाच माहीत.

हाफटाइमला शून्य-शून्य. ऐंशी मिनिटांनाही शून्य-शून्य. ढोलवाले इतक्या जोरात बडवत होते की कारखान्यांच्या पत्र्यांवरून आवाज फिरून येत होता.

शेवटच्या मिनिटाला बॉल रजतकडे आला. समोर सगळं मैदान मोकळं. खरंच मोकळं, तुम्हाला शपथेवर सांगते, कोणीही म्हटलं असतं चढ. माझा श्वास छातीपर्यंत आला. रजतने सवयीने माझ्याकडे पाहिलं. सवय बावीस वर्षांची, एका मॅचमध्ये थोडीच जाते! मी हात उचलला आणि पलीकडे बाकाकडे बोट केलं. त्याच्याकडे बघ. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे.

रजतने मान वळवली. श्रीहरीने तळवे खाली दाबले. रजत थांबला, बॉल केरळच्या पोराकडे मागे दिला, त्याने तो बाहेर मारला, आणि शिट्टी वाजली. बरोबरी. मालवा मित्र आपल्या जागी राहिले. तेव्हा मात्र मी गुळणी थुंकले आणि जी काय किंचाळले, त्याने ढोलवाला थांबला.

आता मार्क. सगळे गेटपाशी जमले. काकांच्या हातात हार आणि नारळ, आशिषने आधीच आणून ठेवलेले. श्रीहरी पोरांच्या मागे उभा होता. चौघांनी दहा-दहा लिहिले. शर्वरीने मोबाइलवर बेरीज केली आणि हळू आवाजात म्हणाली, "तीन पॉइंट नऊ."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पुसायचे का गं?"

"पुसायचे नाहीत," मी म्हटलं. "लिहिलेला मार्क पुसत नाहीत. ते मार्क खरे आहेत, एकूण एक. फक्त भलत्याच्या नावावर पडलेत."

पुढे झाले, पदराने वरचा मथळा पुसला. 'कोच' गेलं. खडू घेतला आणि त्या जागी लिहिलं: 'तिसरी पायरी'.

"मथळा पुसू नये असं वडिलांनी कुठे सांगितलं होतं का, काका?"

काकांनी चष्मा वर केला, फळा वरपासून खालपर्यंत वाचला. "नाही बुवा. तसं काही ऐकिवात नाही."

"मग आजचे चार दहा तेवढे कोचचे. त्याची सरासरी दहा. आणि आमची शर्वरी सांगेल, पण पाचच्या खाली आहे, हे नक्की."

पोरं ओरडायला लागली. श्रीहरी पुढे आला. डोळे पाणावले होते त्याचे, पण तोंड अगदी सरळ. त्याने काकांच्या हातून हार घेतला आणि काकांच्याच गळ्यात घातला. मग नारळ घेतला आणि माझ्या हातात दिला.

"ताई, रिवाज म्हणजे रिवाज. पुढच्या सीझनला तिसरी पायरी बंद. तुम्ही चौघं गोलच्या मागं, लिंबाखाली बसायचं. तिथनं आवाज येत नाही."

"माझा येतो."

"मग बाटली घेऊन या."

सगळे खो खो हसले. आशिष माझ्या कानाशी म्हणाला, "अपनी तो छुट्टी हो गई भिया," आणि गजकेचा उरलेला तुकडा मला दिला.

गर्दी पांगली तेव्हा रजत बूट खांद्याला लटकवून माझ्याजवळ आला. मातीने माखलेला, घामेजलेला. माझ्या हातातल्या नारळाकडे बघून हसला.

"आई," तो म्हणाला, "आज बॉल पायाला लागतो त्याचा आवाज ऐकू आला. सहा वर्षं खेळतोय, पहिल्यांदा."

मी त्याच्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि तोंडात गुळणीही नव्हती. मी काही बोलले नाही.